बुजवलेला झरोका

सांगलीच्या गावभागाच्या कडेला लाकूडकामाचे एक जुने दुकान आहे. त्याचे मालक साठीच्या घरात पोहोचलेले मिस्त्री असून चार दशके त्यांच्या हातात रंधा आणि पटाशी आहे. घराच्या नूतनीकरणाचे काम घेऊन कोणी आले, की मिस्त्री प्रथम एकच विचारतात, "घरी रात्री आठ वाजता आलो तर चालेल का?" मापे घ्यायची तर दिवसाउजेडी यावे, रात्री येऊन हा माणूस काय पाहणार, असे नव्या गिऱ्हाइकाला वाटते. परंतु मिस्त्री ठरल्या वेळी येतात, दाराशी चपला काढतात, खोलीच्या मधोमध स्टूल मागून घेतात आणि त्यावर चढून छताच्या खाली तळहात धरून उभे राहतात. क्षणभराने खाली उतरून ते घरातल्या कर्त्या माणसाला म्हणतात, "आता तुम्ही चढा."

चढणाऱ्याला वेगळे काही सांगावे लागत नाही. चार-पाच इंच जाडीचा सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन शोषून घेतो आणि सूर्य मावळल्यावर ती धग तासन्‌तास खाली सोडीत राहतो. बाहेर अंगणात गारवा उतरलेला असतो. वरच्या मजल्यावरची खोली मात्र भट्टीप्रमाणे तापलेली असते. पंखा लावावा, तर छतालगतची तीच गरम हवा तो खाली ढकलतो. घरात उष्णता कोठून येते, हे दुपारपेक्षा रात्री आठ वाजता अधिक स्पष्ट कळते. म्हणूनच ही वेळ.

ही सवय मिस्त्रींना जन्मजात नव्हती. ती त्यांना एका चुकीने लावली, आणि ती चूक त्यांची स्वतःची होती.

मिस्त्रींचे वडील सुतारच. त्यांच्या काळातली घरे मंगलोरी कौलांची. कौलांखाली आढे, वासे आणि त्याखाली फळ्यांची तक्तपोशी. कौले आणि तक्तपोशी यांच्यामधल्या पोकळीत अडकलेली हवा उन्हाची धग खोलीत उतरू देत नसे. प्रत्येक दारावर झरोका असे. तापलेली हवा वर चढते, ती तेथून बाहेर पडे आणि खालच्या खिडकीतून ताजी हवा आत येई. वडिलांना यामागचे शास्त्र शब्दांत मांडता आले नसते. परंतु पश्चिमेच्या भिंतीला मोठी खिडकी मागणाऱ्या घरमालकाशी ते वाद घालीत आणि बहुधा जिंकत.

पुढे काळ पालटला. कौले गेली, स्लॅब आले. सागवान परवडेनासे झाले आणि प्लायवूड, लॅमिनेट, अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या यांचे दिवस आले. घर जितके चकचकीत आणि जितके बंद, तितके ते सुधारलेले, असा समज रूढ झाला. मिस्त्रींनीही काळाची पावले ओळखली. त्यांनी घरोघरी झरोके बुजवले, तेथे माळे आणि कपाटे केली, जुन्या झडपा उतरवून सरकती तावदाने बसवली. कामाला सफाई होती, बोलण्यात नेकी होती; धंदा वाढला. लोक पैसे देऊन जे मागत होते तेच ते देत होते, त्यामुळे यात काही चुकते आहे असे वाटण्याचे कारणच नव्हते.

२०१८ च्या एप्रिलमध्ये त्यांना एका जुन्या गिऱ्हाइकाचे बोलावणे आले. दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर अण्णा आणि आक्का हे वृद्ध दांपत्य राहत होते. अण्णा शिक्षकी पेशातून निवृत्त झालेले; मुलगा नोकरीनिमित्त पुण्यात. उकाड्याने आई-वडिलांना झोप लागत नाही, तेव्हा दोन्ही खोल्यांना फॉल्स सीलिंग करावे आणि दोन एसी बसवावेत, असा त्याचा निरोप होता. अण्णा दुपारी विश्रांती घेत, म्हणून मिस्त्री योगायोगानेच रात्री गेले. जिन्याजवळच्या बोळात आक्कांनी आपले अंथरूण पसरले होते.

"आक्का, इथे का झोपता?" मिस्त्रींनी विचारले.

"आत थांबवत नाही, मिस्त्री. पूर्वी याच खोलीत पहाटे पांघरूण घ्यावं लागायचं. आता पंखा लावला, की वरून धगच अंगावर येते."

मिस्त्री खोलीत गेले. टेप काढून त्यांनी मापासाठी वर पाहिले आणि त्यांचा हात थांबला. दाराच्या वर, जेथे झरोका असायला हवा होता, तेथे लॅमिनेट लावलेला एक चौकोन होता. पश्चिमेच्या खिडकीला दोन सरकती तावदाने होती. त्यांच्या नकळत प्रश्न तोंडून निघून गेला, "हे बुजवलं कुणी?"

"तुम्हीच की," आक्का सहजपणे म्हणाल्या. "धूळ येते, डास येतात, म्हणून आम्हीच सांगितलं होतं तुम्हाला. बारा वर्षं झाली त्याला."

त्या बोलण्यात तक्रार नव्हती, उलट निम्मा दोष आक्कांनी स्वतःकडे घेतला होता. मिस्त्रींना तेच अधिक लागले. धूळ आणि डास या आक्कांच्या अडचणी होत्या. त्यांवर जाळीचा उपाय सुचवणे हे सुताराचे काम होते. हवा बंद करणे हा उपाय नव्हे, हे आक्कांना ठाऊक नसणे स्वाभाविक होते, परंतु त्यांना स्वतःला ते वडिलांकडून ठाऊक झालेले होते. त्या रात्री त्यांनी एकही माप घेतले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते करवत आणि पटाशी घेऊन आले, दोन्ही झरोके मोकळे केले आणि त्याची मजुरी घेण्यास नकार दिला.

मुलाला हे पटवणे सोपे गेले नाही. फोनवर तो म्हणाला, "मिस्त्री, आई-वडिलांसाठी खर्च करायला मी तयार आहे. स्वस्तातले उपाय नकोत."

"दादा, स्वस्त म्हणून सांगत नाही," मिस्त्री म्हणाले. "वर स्लॅब तापलेला ठेवून खाली यंत्र लावलं, तर ते यंत्र जन्मभर स्लॅबशीच भांडत बसेल, आणि बिल तुम्ही भराल. आधी ऊन थांबवू. मग यंत्र लागलंच, तर मी स्वतः जागा काढून देतो."

त्या घरात ज्या क्रमाने काम झाले, तोच क्रम आज मिस्त्रींच्या व्यवसायाचा नियम बनला आहे. कोणत्याही कुटुंबाने घराला हात लावण्यापूर्वी तो समजून घ्यावा, इतका तो साधा आहे.

पहिला मान छताचा. सांगलीत मे महिन्याच्या प्रारंभी शून्य सावलीचा दिवस येतो. म्हणजे भर दुपारी सूर्य थेट माथ्यावर असतो. त्या दिवसांत घराच्या सर्व अंगांपैकी छतावर सर्वाधिक ऊन पडते. म्हणून गच्चीवरच्या भेगा प्रथम भराव्यात, पाणी मुरत असेल तर ते थांबवावे आणि मग ऊन परतवणारा पांढरा लेप द्यावा किंवा पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी करावी. पांढरा पृष्ठभाग बरेचसे ऊन आल्या वाटेने परत पाठवतो. काळवंडलेला स्लॅब ते पिऊन टाकतो. उष्णतेच्या लाटांसाठी २०१३ मध्ये कृती आराखडा करणाऱ्या अहमदाबादेने साध्या वस्त्यांमधील छतांसाठी हाच मार्ग धरला आणि तेलंगण राज्याने २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरणच आखले. लेप धुळीने मळतो, त्यामुळे तो धुवावा लागतो आणि काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. मिस्त्री हे गिऱ्हाइकाला आधीच सांगतात. अण्णांच्या घरी लेपापूर्वी रात्री आठ वाजता छताच्या आतल्या बाजूचे तापमान ३९ अंश भरले होते. लेपानंतर तशाच एका उन्हाळी रात्री ते ३४ अंश भरले. ही मोजणी दुरून तापमान दाखवणाऱ्या छोट्या यंत्राने केली होती. करोनाच्या साथीपासून तसे यंत्र सर्वांच्या पाहण्यात आले आहे. मिस्त्रींच्या पेटीत ते गुण्या आणि ओळंब्याशेजारी आधीपासूनच होते.

दुसरा विचार पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांचा. उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर आपल्याकडे थेट ऊन फारसे पडत नाही, लहानसा छज्जाही तिला पुरतो. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन मात्र छज्जाखालून सरळ आत घुसते. येथे बहुतेक घरे जाड पडदा लावतात. परंतु ऊन काचेतून एकदा आत आले, की पडदा तापतो आणि ती धग खोलीतच राहते. ऊन काचेच्या बाहेर अडवले पाहिजे. त्यासाठी बांबूची चिक, लाकडी पट्ट्यांची झडप किंवा बाहेरून सोडलेला कापडी पडदा पुरतो. अण्णांच्या खिडकीला मिस्त्रींनी चिक लावली. तिचा खर्च आतल्या नव्या पडद्यांहून कमी आला.

तिसरा विचार वाऱ्याचा. दोन तावदानांची सरकती खिडकी कितीही मोठी असली तरी एका वेळी तिचा निम्माच भाग उघडतो. बिजागऱ्यांवर उघडणाऱ्या झडपांची खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये घरांसाठी प्रसिद्ध केलेल्या इको-निवास संहितेतही हा फरक आकड्यांत धरला आहे: सरकत्या खिडकीला ५० टक्के, झडपांच्या खिडकीला ९० टक्के. अण्णांच्या माळ्यावर जुन्या सागवानी झडपा धूळ खात पडल्या होत्या. मिस्त्रींनी त्या रंध्याने साफ केल्या, बिजागऱ्या बदलल्या आणि पुन्हा चौकटीत बसवल्या. आतून डासांच्या जाळीच्या स्वतंत्र झडपा केल्या, बाहेर गज होतेच. झरोक्यांनाही जाळी आणि पावसाळ्यात बंद करता येईल अशी फळी बसवली. माणसे रात्री खिडक्या बंद करतात ती हौस म्हणून नव्हे. डास, चोर आणि पाऊस यांच्या भयाने करतात. ते भय दूर केल्याखेरीज खिडकी उघडी ठेवा, असा उपदेश करणे व्यर्थ आहे. उलट भर दुपारी बाहेरची हवा तापलेली असताना खिडक्या लावून घ्याव्यात आणि सूर्यास्तानंतर उघडाव्यात, हेही मिस्त्री समजावून सांगतात.

चौथा विचार पंख्यांचा आणि दिव्यांचा. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो. बीएलडीसी पद्धतीचा नवा पंखा सुमारे ३० वॅट. घरात चार पंखे रोज बारा तास चालत असतील, तर या फरकाने महिन्याला सुमारे ६५ युनिटे वाचतात. महावितरणचा दर वापराच्या टप्प्यांनुसार चढत जातो, त्यामुळे १०० युनिटांच्या आसपास वापर असणाऱ्या कुटुंबाला ही बचत दुहेरी लाभते. दिव्यांबाबत मिस्त्रींचा भर उजेडाच्या वाटेवर असतो. स्वयंपाकघराच्या खिडकीवर कपाट चढवून भर दुपारी दिवा लावावा लागणारी घरे त्यांनी पुष्कळ पाहिली आहेत. दिवेलागणीपूर्वी जेवण उरकणाऱ्या घरात तर ओट्यावरची एक मोकळी खिडकी वर्षभर दिव्याचे काम करते.

एसीचा क्रमांक शेवटचा. तो नाकारलाच पाहिजे, असा मिस्त्रींचा हट्ट नाही. आक्कांचे वय पंचाहत्तरीपुढचे, त्यात रक्तदाबाचा त्रास. तीव्र उष्म्यात अशा माणसाच्या जिवाला धोका असतो. म्हणून सर्व कामे आटोपल्यावर एका खोलीत एक एसी बसलाच, आणि त्याची जागा मिस्त्रींनी शब्द दिल्याप्रमाणे स्वतः काढून दिली. त्या खोलीचा झरोका एसी चालताना बंद होईल, दाराखालच्या फटीतून गारवा निसटणार नाही, याची व्यवस्था केली. जानेवारी २०२० पासून नवे एसी मुळातच २४ अंशांवर लावलेले येतात. आक्का तो २६ वर ठेवून सोबत पंखा मंद लावतात. दीड टनाचे यंत्र तासाला साधारण एक ते दीड युनिट वीज खाते. ते रात्रभर चालण्याऐवजी उन्हाळ्यातल्या मोजक्या रात्री दोन तास चालते, यातच सारे आले. ऊर्जेची बचत म्हणजे देहाला शिक्षा नव्हे, हे मिस्त्री आवर्जून सांगतात. ज्या घरात म्हातारे माणूस किंवा तान्हे मूल आहे, तेथे त्यांचे पहिले माप त्या जिवाचेच असते.

गच्चीवर सौर पॅनेल बसवावे का, असेही आता अनेकजण विचारतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते, त्यामुळे ओढा वाढला आहे. मिस्त्रींचे उत्तर असे, की आधी गरज कमी करा, मग संच केवढा हवा ते ठरवा. गळक्या हंड्यासाठी मोठी विहीर खणू नये.

लाकडाविषयीचा त्यांचा आग्रह २०१९ च्या ऑगस्टमध्ये अधिक दृढ झाला. कृष्णेचे पाणी शहरात शिरले आणि कित्येक घरांत दिवसचे दिवस साचून राहिले. पाणी ओसरल्यावर साध्या प्लायवूडची कपाटे फुगून, पदर सुटून रस्त्याकडेला ढिगाने पडली. जुन्या सागवानी चौकटी आणि दारे चिखल धुऊन सावलीत वाळवल्यावर बहुतांशी पुन्हा उभी राहिली. नवी वस्तू बनवताना, आणताना, बसवताना जी ऊर्जा खर्च होते ती विजेच्या बिलात दिसत नाही. परंतु टिकाऊ वस्तू फेकून तकलादू वस्तू आणली, की ती दर दहा वर्षांनी पुन्हा खर्च करावी लागते. म्हणून दुरुस्त होऊ शकणारे जुने लाकूड टाकून देण्याचे काम मिस्त्री शक्यतो स्वीकारत नाहीत. प्लायवूड लागलेच, तर ओल लागणाऱ्या जागी आयएस ७१० हा पाणी सोसणारा दर्जा आणि कोरड्या जागी आयएस ३०३ हा साधा दर्जा, असे ते लिहून देतात.

या मार्गाने धंदा कसा चालतो, हा प्रश्न प्रथम मिस्त्रींच्या मुलानेच विचारला. तो पदविकाधारक, वडिलांसोबत काम सांभाळणारा, हिशेबाला पक्का. "बाबा, लोक दोन लाखांचं काम घेऊन येतात आणि तुम्ही त्यांना साठ हजारांचं सांगून परत पाठवता. अशाने आपलं कसं व्हायचं?" या प्रश्नात खोट नव्हती. पहिली दोन वर्षे उत्पन्न खरोखरच घटले. काही गिऱ्हाइके दुसऱ्या दुकानी गेली आणि त्यांना हवे तसे फॉल्स सीलिंग करून घेती झाली. मिस्त्रींनी त्यांना वाईट म्हटले नाही.

अखेरीस मुलानेच एक तोडगा काढला. आता घराच्या तपासणीचे वेगळे शुल्क घेतले जाते आणि त्याबद्दल घरमालकाला लेखी कागद मिळतो. उष्णता कोठून येते, कोणते काम आधी करावे, कोणते मुळीच करू नये आणि प्रत्येकाचा अंदाजे खर्च किती, हे सारे त्यावर असते. तो कागद घेऊन काम कोणाकडूनही करून घेण्याची मुभा असते. सल्ल्याचे मोल सल्ल्यातच मिळू लागल्यावर अनावश्यक काम गळ्यात बांधण्याचा मोह उरला नाही. व्यवसाय प्रामाणिक राहण्यासाठी मनुष्याचा चांगुलपणा लागतोच. परंतु त्याच्या उत्पन्नाची रचनाही त्या चांगुलपणाला साथ देणारी असावी लागते. आज दुकानात चार कारागीर आहेत. श्रीमंती आलेली नाही, पण काम थांबलेले नाही. आणि पूर्वी बुजवलेले झरोके उघडण्यासाठी मिस्त्री अजूनही मजुरी घेत नाहीत. मात्र ते त्यांनीच बुजवलेले असले पाहिजेत, ही मुलाची अट आहे.

दुकानाच्या भिंतीवर, वडिलांच्या जुन्या करवतीशेजारी, लॅमिनेट लावलेला एक चौकोनी तुकडा खिळ्याला टांगलेला आहे. कामाला नवा पोरगा लागला, की तो कधीतरी विचारतोच, "मिस्त्री, हे कशाला ठेवलंय?" मिस्त्री तो काढून उलटा करतात. मागच्या बाजूला, फिक्या पडलेल्या पेन्सिलीने, त्यांच्याच हस्ताक्षरात १८ × १२ असे माप लिहिलेले आहे.

"माप बरोबर होतं," ते त्या पोराला सांगतात. "सुताही इतकाही फरक नव्हता. काम मात्र चुकलं होतं."

मग तुकडा पुन्हा खिळ्याला लावून ते घड्याळाकडे पाहतात. रात्री आठ वाजता कोणाच्या तरी घरी जायचे असते.